धावताना भेटणारा देव घरात का भेटत नाही?

प्रश्न: मी ४४ वर्षांचा आहे. गेली काही वर्षे मी लांब पल्ल्याचे धावतो. पहाटे धावताना प्रार्थना आपोआप होते आणि देव अगदी जवळ असल्यासारखे वाटते. घरी मात्र तसे होत नाही. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना उरकल्यासारखी होते. मुलांना रोजच्या प्रसंगांतून विश्वासाचे धडे मिळावेत असे मला वाटते आणि मी ते देतोही, पण परवा माझी १४ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, प्रत्येक गोष्टीचा दाखला करू नका ना." आठ वर्षांचा मुलगा पूर्वी माझ्याबरोबर धावायला यायचा, आता टाळतो. पत्नी म्हणते, "तुम्हाला रस्त्यावर देव भेटतो आणि मला घरात भांडी." पुढच्या हंगामात मला पहिली पूर्ण मॅरेथॉन धावायची आहे. ती रविवारी सकाळी, उपासनेच्या वेळेतच आहे. त्यातच आमच्या चर्चच्या मंडळीने 'विश्वासाची धाव' या विषयावर बोलायला सांगितले आहे. धावणे आणि घर या दोन्हींतून देव काय शिकवतो, हे मी कसे ओळखावे?

उत्तर:

प्रिय बंधू, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्राचा बराच भाग धावण्याविषयी आहे आणि तो मनापासून लिहिलेला आहे; परंतु उत्तर लिहायला घेतल्यावर माझे लक्ष पुन्हा पुन्हा त्यातील दोन छोट्या वाक्यांकडे गेले. एक तुमच्या मुलीचे आणि दुसरे तुमच्या पत्नीचे. तुम्ही ती तक्रारी म्हणून नोंदवली आहेत. मला ती तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर वाटतात, आणि ती तुम्ही न लपवता लिहिली याबद्दल तुमचे कौतुकही वाटते.

पहाटे धावताना देव जवळ वाटतो यात नवल नाही आणि गैर तर मुळीच नाही. त्या तासाभरात तुमच्याकडे कोणी काही मागत नाही. बोलता येईल अशा सावकाश वेगाने माणूस धावत असला की श्वास आणि पाऊल यांची लय जमते, मनातला कालवा हळूहळू खाली बसतो आणि एरवी ज्या प्रार्थनेला शब्द सापडत नाहीत तिला ते सापडतात. प्रभू येशूही पहाटे, अंधार असतानाच, उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असे मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. त्याच जागी पुढे असेही आहे की शिष्य त्याला शोधत आले, सगळे तुला शोधत आहेत असे म्हणाले, आणि तो तेथून उठून पुन्हा माणसांकडे गेला. तुमचा एकांत तुम्हाला कोणत्या मनःस्थितीत घरी पाठवतो, हे पत्रावरून मला कळत नाही. पत्नीला ते नक्की ठाऊक असेल. दारातून आत आल्यावर पहिली पंधरा मिनिटे तुम्ही काय करता? घड्याळात वेग आणि अंतर पाहता, पोटऱ्या ताणत बसता, की मुलांच्या शाळेच्या तयारीला हात लावता?

हे मी खोचकपणे विचारत नाही. मॅरेथॉनच्या तयारीला साधारण १६ ते २० आठवडे लागतात, आठवड्यातले चार-पाच दिवस धावावे लागते आणि सुट्टीच्या दिवशीची लांब धाव तीन तासांपर्यंत जाते. त्यानंतरची दुपार बहुधा झोपेत जाते. हे तास कोठून तरी येतात. तुमच्या घरी ते कोठून येतात, याचा हिशेब तुमच्या पत्नीने एका वाक्यात मांडला आहे. मार्काच्याच सातव्या अध्यायात येशू काही धार्मिक लोकांना फार कडक शब्दांत बोलतो. आईवडिलांना जे द्यायचे ते 'देवाला अर्पण केले आहे' असे सांगून ते लोक मोकळे होत असत, आणि देवाचे नाव पुढे करून घरच्यांचे देणे बुडवणे त्याला मुळीच खपले नाही. तुम्ही घरच्यांचे काही बुडवत आहात असे मी म्हणत नाही. मात्र धावण्याला प्रार्थनेचे नाव मिळाले की त्याविषयी कोणी काही बोलूच शकत नाही, अशी सोय घरात नकळत तयार होते. तेव्हा पहिली गोष्ट अगदी व्यवहाराची आहे: आठवड्यात जितके तास तुम्ही धावता तितके तास पत्नीला घराबाहेर किंवा घरातच, पण पूर्णपणे तिचे, मिळतील असे वेळापत्रक दोघांनी बसून तयार करा. त्या वेळात ती प्रार्थना करील, झोपेल, मैत्रिणीकडे जाईल किंवा काहीच करणार नाही. त्याचा हिशेब मागू नका.

आणि त्या वेळात भांडी तुमच्या हाती येतील. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये विवाहाविषयी लिहिताना अशा बापाचे चित्र रंगवले आहे, जो बाळाचे लंगोट धुतो आणि ज्याला लोक बायल्या म्हणून हसतात. ते काम तो विश्वासाने करत असेल, तर देव आपल्या सर्व दूतांसह आणि सृष्टीसह त्याच्याकडे पाहून हसतो, असे ल्यूथरचे म्हणणे आहे. लंगोट धुतल्याबद्दल नव्हे, ते विश्वासाने धुतल्याबद्दल, हेही तो आवर्जून सांगतो. घरात देव भेटत नाही असे तुम्ही म्हणता तेव्हा माझी शंका अशी आहे की, तो जेथे भेटण्याची शक्यता अधिक आहे त्या जागी तुम्ही फारसे उभे राहत नसाल.

आता धावण्याच्या धड्यांकडे येऊ. धावपटू आणि उपदेशक या दोघांनाही आवडणारा उतारा म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायाचा शेवट: शर्यतीत सगळे धावतात, बक्षीस एकाला मिळते, तेव्हा ते मिळेल असे धावा. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याला पाइन वृक्षाच्या डहाळीचा किंवा अजमोदासारख्या वनस्पतीच्या पानांचा मुकुट मिळे. त्या शहरात दीड वर्ष राहून, तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाला नाशवंत मुकुट म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु हा उतारा आपण बहुतेक वेळा २४ व्या वचनापासून वाचायला लागतो आणि मग त्यातून जिद्द, शिस्त, सकाळी लवकर उठणे असे धडे निघतात. हे धडे वाईट नाहीत. कोणताही प्रशिक्षक ते देईल आणि त्यासाठी पवित्र शास्त्र उघडावे लागणार नाही. अध्याय पहिल्या वचनापासून वाचला तर दिसते की पौल सुरुवातीपासून एकच गोष्ट सांगत आहे: मला अमुक हक्क आहे, तमुक हक्क आहे आणि दुसऱ्यांसाठी मी तो वापरला नाही. शर्यतीच्या दोनच वचने आधी तो म्हणतो की दुर्बळांसाठी मी दुर्बळ झालो. म्हणजे तो ज्या संयमाविषयी बोलतो तो स्वतःची वेळ सुधारण्यासाठी नाही. स्वतःचा हक्क बाजूला ठेवण्यासाठी आहे. आणि उताऱ्याचा शेवट तर तुम्हा-आम्हा बोलणाऱ्यांसाठीच लिहिल्यासारखा आहे, कारण दुसऱ्यांना घोषणा केल्यावर मी स्वतःच बाद ठरू नये, अशी भीती त्याने तेथे व्यक्त केली आहे.

इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्यायही तुम्हाला पाठ असेल: साक्षीदारांचा मेघ, टाकायचा भार, येशूकडे लावलेली नजर आणि धीराने धावायची धाव. बहुतेक भाषणे पहिल्या दोन वचनांवर संपतात. पण पत्रलेखक तेथून पुढे कोठे जातो ते पाहा. तो थेट घरात शिरतो. पाचव्या वचनापासून बाप आणि मुले यांविषयी बोलणे सुरू होते, आणि दहाव्या वचनात ऐहिक बापांविषयी एक फार प्रामाणिक गोष्ट येते की त्यांनी आपल्याला थोडे दिवस, त्यांना बरे वाटले तसे वळण लावले. "त्यांना बरे वाटले तसे" हे बाप म्हणून मला आणि तुम्हाला लागू आहे. आपल्या शिस्तीत आपला कंटाळा, आपली प्रतिष्ठा, दिवसभराचा थकवा हे सगळे मिसळलेले असते आणि देवपित्याच्या शिस्तीत ते नसते. यानंतर बाराव्या-तेराव्या वचनांत धाव पुन्हा येते, पण आता दृश्य बदललेले असते. लोंबकळणारे हात आणि लटपटणारे गुडघे नीट करा, पायांसाठी सरळ वाटा करा, म्हणजे जे लंगडे आहे ते उखळू नये तर बरे व्हावे. ज्या अध्यायाची सुरुवात भार टाकून धावण्याने होते, तो काही वचनांतच लंगडणाऱ्याची वाट सपाट करण्यावर येतो. हा क्रम माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. धावण्यातून सापडलेला धडा देवाकडून आहे की आपल्याच अभिमानातून, हे तपासायचे असेल तर एवढे पाहावे की तो घरातल्या सर्वांत मंद किंवा थकलेल्या माणसासाठी मला थांबायला लावतो की त्याच्यावर चिडायला लावतो.

येथे तुमच्या मुलाविषयी लिहितो. त्याने धावणे का टाळले ते तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा त्याला विचारलेलेही नाही. आठ वर्षांच्या मुलाला बापाबरोबर धावायचे असते तेव्हा त्याला मुख्यतः बाप हवा असतो. तो एखादा दगड उचलायला थांबतो, बुटाची नाडी सुटली म्हणून थांबतो, कुत्रे पाहायला थांबतो, आणि तुमच्या मनगटावरचे घड्याळ सरासरी वेग घसरल्याचे सांगत राहते. त्या क्षणी तुम्ही घड्याळाकडे पाहिले हे त्याने पाहिलेले असते. पुढच्या वेळी घड्याळ घरी ठेवा, अंतर त्याला ठरवू द्या आणि जायचे की नाही हेही. त्या धावेला सरावात मोजू नका. लूकाच्या पंधराव्या अध्यायातला बाप, घर सोडून गेलेला मुलगा परत येताना दूर असतानाच त्याला पाहून धावत सुटतो. शास्त्रातल्या सगळ्या धावांमध्ये मला ती सर्वांत मोठी वाटते. तिचे अंतर लिहिलेले नाही, आणि ती मुलाच्या दिशेने आहे.

मुलीचे म्हणणे वेगळे आहे आणि ते शब्दशः ऐकायला हवे. ती दाखल्यांना कंटाळलेली नाही. प्रत्येक गोष्टीचा दाखला होण्याला कंटाळली आहे. पेला सांडला की कृपेवर दोन वाक्ये, परीक्षेत गुण कमी पडले की धीरावर चार, भावाशी भांडण झाले की काइन आणि हाबेल. मुलांना अशा वेळी वाटते की आपल्यावर जे घडते ते बाबांना खरे दिसतच नाही, त्यांना त्यामागचा धडाच दिसतो. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आज्ञा तुम्हाला माहीत आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना या वचनांविषयी मुलांशी बोलत जा. याचा अर्थ दिवसभर शिकवत राहा असा आपण घेतो. परंतु त्याच्या आधीच्या वचनात ही वचने तुझ्या हृदयात असोत असे म्हटले आहे, आणि तो क्रम उलटा करता येत नाही. रोजच्या प्रसंगांतून जे धडे सापडतात ते बहुतेक वेळा ज्याला सापडतात त्याच्यासाठीच असतात. मुलीच्या हातून पेला सांडला तेव्हा देव तुम्हाला काही शिकवत असेल, उदाहरणार्थ आवाज न चढवता फडके आणणे; तिला त्या क्षणी फडके हवे असते, आणि ते आणणारा बाप तिला आठवणीत राहतो.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अहीमास नावाच्या धावपटूची गोष्ट आहे. दावीद राजाविरुद्ध त्याचा मुलगा अबशालोम याने केलेल्या बंडाचा शेवट झाला आहे, अबशालोम मारला गेला आहे आणि ती बातमी घेऊन राजाकडे जायचे आहे. सेनापती यवाब कूशी माणसाला पाठवतो. अहीमास मलाही धावू दे म्हणून हट्ट धरतो. यवाब त्याला विचारतो की तुझ्याकडे सांगण्यासारखी बातमी नाही, मग धावतोस कशाला? तरी तो धावतो, सपाटीच्या वाटेने कूशीला मागे टाकतो आणि आधी पोहोचतो. पहारेकरी दुरूनच त्याची धावण्याची ढब ओळखतो, इतका तो नामांकित. राजा मात्र एकच गोष्ट विचारतो, मुलगा अबशालोम सुखरूप आहे ना? आणि अहीमास म्हणतो की मोठी गडबड दिसली, पण काय ते कळले नाही. राजा त्याला सांगतो, बाजूला उभा राहा. मला ही गोष्ट वाचताना नेहमी थोडे हसू येते आणि थोडे लाजल्यासारखेही होते, कारण उपदेश करायची घाई झालेल्या आपल्यासारख्यांचे इतके नेमके वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण आहे. मुलीकडे धावत जाण्याआधी तिने काय विचारले आहे ते ऐका. तिने काहीच विचारले नसेल, तर बाजूला उभे राहणे हाही एक उपाय आहे. महिनाभर एकही धडा देऊ नका. त्या काळात जे सुचेल ते वहीत लिहा. महिन्याने ती वही वाचली की त्यातले किती धडे मुलांसाठी होते आणि किती तुमच्यासाठी, हे तुमचे तुम्हालाच दिसेल. तोपर्यंत तिने स्वतःहून काही विचारले तर मात्र सरळ, छोटे आणि खरे उत्तर द्या, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे म्हणा.

रात्रीच्या प्रार्थनेविषयी लिहायचे तर मला एलीया संदेष्टा आठवतो, आणि त्याच्याबाबत जरा सविस्तर लिहितो, कारण धावणाऱ्या माणसाला त्याची गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी तो कर्मेल डोंगरावरून अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत जातो. परंपरेने मानल्या गेलेल्या जागेपासून मोजले तर सरळ रेषेतही ते सुमारे २५ किलोमीटर भरते. दिवसभराचा संघर्ष, त्यानंतर ही धाव, आणि लगेच राणी ईजबेलची धमकी. मग तो जीव घेऊन पळतो, बैर-शेबा येथे सेवकाला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालून जातो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. कालच ज्याने स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिला, तो आज पुरे झाले म्हणतो. लांब पल्ल्याच्या धावपटूला शरीराची अशी अवस्था अनोळखी नाही. स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेन बहुतेकांच्या बाबतीत ३० किलोमीटरच्या आसपास संपत येतो, आणि मग पाय जड होतातच, पण डोकेही उदास होते. पाच मिनिटांपूर्वी सोपा वाटणारा चढ अन्याय वाटू लागतो.

अशा माणसाकडे देवाचा दूत येतो तेव्हा तो काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. तो उपदेश करत नाही, जाबही विचारत नाही. त्याला स्पर्श करून ऊठ, खा, एवढेच म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो, आणि दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही पुन्हा तेच, फक्त वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, हे समजून घेणारे वाक्य त्यात येते. "एलीया, तू येथे काय करतोस?" हा प्रश्न देव विचारतो खरा, पण तो पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर, माणूस खाऊन, झोपून, चालून शांत झाल्यावर.

आता तुमच्या घरातली रात्र पाहा. पहाटे उठून धावलेला बाप, दिवसभर राबलेली आई, अभ्यासाने कंटाळलेली मुलगी आणि डोळे मिटू लागलेला मुलगा अशी चार माणसे प्रार्थनेला बसतात आणि ती उरकल्यासारखी होते म्हणून तुम्हाला अपराधी वाटते. हा विश्वासाचा अभाव आहे असे मला वाटत नाही. ही झोप आहे. प्रार्थनेची वेळ बदला. जेवणाआधीची पाच मिनिटे पुरतील. एक लहान उतारा, एकेक वाक्याची प्रार्थना, ज्याला बोलायचे नाही त्याने गप्प राहायची मोकळीक, आणि उताऱ्यावर भाष्य नाही. आठवड्यातून एकदा सगळे ताजेतवाने असतील अशा वेळी निवांत बसा आणि त्या दिवशी उतारा मुलीला निवडू द्या, मग तिने वंशावळ निवडली तरी. लांब धावेने येणारी ताकद धावताना येत नाही, नंतरच्या विश्रांतीत स्नायू दुरुस्त होतात तेव्हा ती येते, आणि म्हणूनच शर्यतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणतात, हे तुम्ही जाणता. ही समज फक्त स्वतःच्या पायांपुरती ठेवू नका.

रविवारच्या शर्यतीचा प्रश्न उरतो. अशा वेळी सगळे स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचे नाव घेतात, तेव्हा त्याच्याविषयी नीट पाहू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून त्याने ती शर्यत सोडली, रविवारी पडणाऱ्या रिलेही सोडल्या, २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक. हा भाग सर्वांना माहीत असतो. पुढच्या वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. युद्धाच्या काळात त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिली नाही. १९४३ पासून तो वेईशिएन येथील जपानी नजरकैदेच्या छावणीत होता, तेथे तो मुलांना शिकवत असे आणि त्यांचे खेळ घेत असे. रविवारी खेळ नाहीत हा त्याचा नियम तेथेही होता. मात्र मुलांनी एका रविवारी पंचाविना हॉकीचा सामना खेळला आणि त्याचे पर्यवसान मारामारीत झाले, तेव्हा पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे तो त्याच छावणीत वारला. स्वतःच्या पदकासाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी नियमाला मुरड घातली. त्याचे नाव घेणाऱ्याने या दोन्ही रविवारांचा विचार करावा.

दिवस पाळण्याच्या बाबतीत ज्याने त्याने आपल्या मनाची पुरती खात्री करून घ्यावी, असे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे, आणि त्या मोकळिकीवर मी माझे मत लादणार नाही. विचारलेत म्हणून सांगतो. वर्षातला एक रविवार ही मला मोठी अडचण वाटत नाही. संध्याकाळच्या उपासनेला जाता येत असेल तर जा. अडचण त्याआधीच्या चार-पाच महिन्यांतल्या रविवारच्या लांब धावांची आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा देताना, तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा, असे कारण दिले आहे. विसावा हा घरातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचा आहे. तुम्ही तीन तास धावून येता, मंडळीत डुलक्या काढता आणि दुपारी झोपता, त्या दिवशी तुमच्या घरात विसावा कोणाला मिळतो? लांब धाव शनिवारी घ्या. शनिवारी जमत नसेल, तर या हंगामात अर्धमॅरेथॉन करा. २१ किलोमीटरच्या तयारीला बराच कमी वेळ लागतो आणि ४२.१९५ किलोमीटरचे अंतर पुढच्या वर्षीही तेवढेच असेल. नाव नोंदवण्याआधी पत्नीला विचारा, आणि विचारताना तिला 'नाही' म्हणता येईल अशा रीतीने विचारा. ती नाही म्हणाली तर त्याला देवाची परीक्षा वगैरे म्हणू नका.

मंडळीतल्या भाषणासाठी विषय हाच ठेवायला हरकत नाही. फक्त इब्री १२ पहिल्या दोन वचनांवर थांबवू नका, तेराव्यापर्यंत वाचा. आणि रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातले सोळावे वचन त्याच्या शेजारी ठेवा, जेथे सर्व काही इच्छा बाळगणाऱ्यावर किंवा धावपळ करणाऱ्यावर नाही, दया करणाऱ्या देवावर अवलंबून आहे असे म्हटले आहे. धावपटूला हे वचन जरा अवघड जाते. म्हणूनच धावपटूने ते वाचावे. तुमच्या श्रोत्यांमध्ये गुडघेदुखीचे वृद्ध असतील, आजारी माणसाची सेवा करून रात्र जागलेल्या बाया असतील, आणि ज्यांना पहाटेचा तो एक तास कधीच मिळणार नाही असे पुष्कळ जण असतील. पदक, वेळ, अंतर यांचा उल्लेख टाळता आला तर टाळा. मुलांचे किस्से त्यांना विचारल्याशिवाय सांगू नका, मुलीचा तर मुळीच नाही. भाषण लिहून झाले की ते आधी पत्नीला वाचून दाखवा आणि ती जे गाळायला सांगेल ते कारण न विचारता गाळा.